सगळ्यांची दुसरी पसंती

कुणाचा बाप गेला, मॅलकी खांद्याला. कुणाची गाय व्याली, मॅलकी गोठ्याला. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या त्या पाणथळ मुलखातून मॅलकी डेव्हॅनी दोन तपं परिषदेवर निवडून येत होता.

तिथं एका नावावर शिक्का मारून भागत नाही. जागा चार, उमेदवार डझनभर. आवडीच्या क्रमानं नावांपुढं एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. म्हणून जिंकणाऱ्यानंही मतदानापर्यंत सुतकी चेहऱ्यानं हिंडायचं असतं. यंदा मात्र चर्चच्या दारात कुणी विचारलं, तर मॅलकी कोटाची बटणं लावत म्हणाला, "आपली जागा पक्की!"

झालं. दारोदार केक हातावर ठेवत बाया सांगू लागल्या, "तुला काय धाड भरलीय मॅलकी, तू आलेलाच आहेस! पहिला नंबर तुमच्याच पक्षाच्या फिन्टनला देते, कोवळं पोर आहे. दुसरा तुझाच हो!" पलीकडच्या घरी पहिला नंबर मास्तरीणबाईंना, त्याच्या पलीकडं डॉक्टरला. दुसरा सगळीकडं मॅलकीला.

मोजणीच्या दिवशी कठड्याला रेलून पक्षाचा म्हातारा पॅकी उलगडणाऱ्या मतपत्रिका न्याहाळत होता.

"मॅलकी, तुझ्या नावापुढं सगळे दोनचेच आकडे दिसतायत रे."

"मग बरंय की!"

"बरं कसलं, बाबा? पहिलावाला बाद झाला, तरच दुसऱ्याकडं बघतात. आणि तुझे पहिलेवाले सगळे ठणठणीत!"

फेरीमागून फेरी तळचा एकेक गळत गेला. गळणाऱ्यांची मतं पुढच्या आकड्यावर गेली, पण मॅलकीच्या ओंजळीत चार थेंबच पडले. शेवटी तळाला तोच उरला. तो बाद झाला, आणि त्याच्या मतांवर फिन्टन निवडून आला.

मग मॅलकीपुढं रांग लागली. टोपी काढून, हात दाबून जो तो म्हणे, "फार वाईट झालं. मी तुला दुसरा दिला होता, शपथेवर सांगतो."

"तुझ्याइतका लाडका माणूस या पंचक्रोशीत नाही," पॅकीनं डोळे पुसले. "म्हणून तर पडलास."

घरी आल्यावर बायकोनं, अ‍ॅट्रॅक्टानं, चहा ओतला.

"मी पहिला तुलाच दिला होता हं."

मॅलकी कपाकडं बघत राहिला.

"आणि तू?" तिनं विचारलं.

"फिन्टनला," तो पुटपुटला. "सगळे म्हणत होते ना, माझं पक्कं आहे म्हणून."

तिनं त्याच्या कपात आणखी थोडी साखर घातली.