ट्रेंड सिस्टर

"सिस्टर ट्रेंड है ना?" असं कुमुदने फोनवर पुन्हापुन्हा विचारलं होतं, आणि एजन्सीचा परीक्षित दर वेळी "बिल्कुल, मैडम" म्हणाला होता. सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, पायाचं ऑपरेशन होऊन ते कालच दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये परतले होते. हातात सलाईनची सुई तशीच ठेवलेली. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शिरेतून औषध द्यायचं होतं आणि नवरा नेमका ऑफिसच्या टूरवर.

सकाळी पार्वती आली. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. तिने अप्पांचं अंग पुसलं, चादर बदलली, त्यांना हळूच उठवून बसवलं. कुमुदला हायसं वाटलं. तिने औषधाची बाटली पुढे केली, तशी पार्वती मागे सरकली.

"ये मैं नहीं करती, दीदी. मैं अटेंडंट हूँ. चार महीने का कोर्स है मेरा."

कुमुदने फोन लावला. "मैंने नर्स माँगी थी!"

"मैडम, यूनिफॉर्म में ही तो भेजा है," परीक्षित म्हणाला. "चलो, दूसरी भेजता हूँ."

दुसरी यायला दुपार झाली; तोवर पार्वती थांबून होती. सकाळचा डोस केव्हाच टळला होता. ही बाई एएनएम होती, दोन वर्षं शिकलेली, दवाखान्यात लसी देणारी, बाळंतपणं केलेली. बाटली पाहून ती म्हणाली, "बाँह में इंजेक्शन दे दूँगी, पर नस में कभी नहीं दिया. ऑफिसवाले बोले, बता देना जीएनएम हूँ, पूरी नर्स. मैं झूठ क्यों बोलूँ?"

अप्पा मात्र खुलले. श्यामकांत कुलकर्णी, मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त. "कुमुद, हे आपल्या ऑफिसातल्या एलडीसी, यूडीसी कारकुनांसारखंच दिसतंय! जीएनएमला किती वर्षं गं?"

"तीन," 'जीएनएम' ऐकून ती बाई म्हणाली. "और बीएस्सी के चार."

"मग सीनियॉरिटी कशी धरतात?"

"अप्पा!" कुमुद ओरडली. "डोस चुकलाय तुमचा. इथे बढत्यांचा केडर रिव्ह्यू चाललाय का?"

आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. त्या बाईला परत पाठवून तिने आणि पार्वतीने मिळून अप्पांना जिन्यावरून उतरवलं, ऑटोत बसवलं आणि जवळचं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या स्टाफ नर्सने सुईची जागा दाबून पाहिली, नळीतून आधी सलाईनचं पाणी सोडलं, मग औषध. सगळं बोलता बोलता झालं.

"घरी कोण देतंय?" तिने हिंदीत विचारलं.

"तेच तर कळत नाहीये!" कुमुदचा आवाज चढला. "जी येते ती सिस्टर!"

"जीएनएम किंवा बीएस्सी मागा. आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघा. ट्रेंड काय, सगळ्याच असतात. कशात, ते विचारायचं."

बाहेर येताच कुमुदने परीक्षितला फोन केला आणि तेच शब्द त्याला ऐकवले.

"तो पहले बोलना था ना मैडम, कि जीएनएम चाहिए," तो शांतपणे म्हणाला.

तिला फोन रस्त्यावर आपटावासा वाटला. पार्वतीला सकाळ-संध्याकाळ यायला सांगून ती अप्पांना घेऊन ऑटोत बसली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात दाढी कोरलेला, उंच माणूस. "जयदीप. जीएनएम." कुमुदने काही विचारायच्या आत त्याने रजिस्ट्रेशनचं कार्ड समोर धरलं. तिने ते नीट वाचलं, फोटो आणि चेहरा दोन्ही पाहिले, मगच बाजूला झाली.

अप्पांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "नर्स? हा पुरुष?"

"अप्पा, एक अक्षर बोलायचं नाही."

त्यांनी हात पुढे केला. जयदीपने हात धुतले, सुई तपासली आणि औषध सावकाश सोडायला सुरुवात केली. अप्पांना राहवेना.

"क्यों भाई, जीएनएम के बाद प्रमोशन कैसे होता है?"

जयदीप हसला. "अंकलजी, दो साल का पोस्ट बेसिक करके बीएस्सी..."

"आधी औषध आत जाऊ दे!" कुमुद म्हणाली आणि कपाळावर हात मारून चहा टाकायला आत गेली.