गप्प बसलं म्हणजे ऐकलं

डोळ्यांच्या दवाखान्यात सासरेबुवा सुनेच्या सोबतीला आले होते. सोबतीच्या माणसाला काम एकच, पिशवी मांडीवर धरून बसायचं, आणि ते काम ते चोख करत होते. सिस्टरनं सुनेच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि दम भरला, "डोळे मिटून बसायचं. मोबाईलकडे तर ढुंकूनही बघायचं नाही."

सून शहाण्यासारखी भिंतीला डोकं टेकून बसली. तेवढ्यात सासरेबुवांच्या खिशातला बटणांचा फोन वाजला. त्यांच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या शेडवर, आज शेजारच्या काकूंना राखणीला बसवलं होतं. त्याच बोलत होत्या.

"भाऊ, मशीनचा पंखा थांबलाय! वरचा काचेचा पडदा पार काळा पडलाय, दाबून दाबून माझं बोट दुखलं. आत पिल्लं कवच टोचायला लागलीत हो!"

सासरेबुवांनी ते जसंच्या तसं सुनेच्या कानावर घातलं. पंखा थांबला तरी आतली शेगडी चालूच राहते, आणि कोंडलेल्या उष्णतेत पिल्लं कवचातच गुदमरतात. दार उघडावं तर आतला ओलावा उडून जातो आणि अर्धी बाहेर आलेली पिल्लं कवचाला चिकटून बसतात. मेन स्विच बंद करावा तर मशीन परत चालू करायला तोच पडदा लागतो, आणि त्यानं तर मान टाकली होती.

"दाराला हात लावू नका म्हणावं," सून डोळे न उघडता म्हणाली. "फोन चालूच ठेवायला सांगा. बाबा, पिशवीतून माझा मोबाईल काढा."

"अगं, सिस्टर ओरडेल."

"मी कुठं बघतेय? आणि बघून तरी काय, या थेंबांनी मला स्वतःची बोटंसुद्धा धुरकट दिसतायत. बघायचंय तुम्हाला. काळ्या चौकोनाचं चित्र आहे, ते उघडा."

सासरेबुवांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि उघडलं. आत बटण नव्हतं, चित्र नव्हतं, रंग नव्हता. तळहाताएवढी काळीभोर पाटी. खालचा अर्धा भाग टाइप करायच्या अक्षरांनी अडवलेला आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी खूण मिचमिच करत होती.

"बिघडलाय गं हा. नुसता अंधार आहे. एक ठिपका डोळा मारतोय."

"नाही बिघडला. तो कान देऊन बसलाय. आपण अक्षरं लिहायची की तो ती शेडवरच्या मशीनला नेऊन सांगतो. पडदा मेला असला तरी मशीनचे कान शाबूत असतील. मी सांगते तसं लिहा."

सासरेबुवांना अक्षरं आली ती साठी उलटल्यावर, आणि ती या सुनेनंच शिकवलेली. पाटी-पेन्सिल घेऊन बसायची त्यांना लाज वाटायची, म्हणून अंड्यांचे ट्रे भरता भरता ती त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षर काढायची आणि ते ओळखायचे. आधी आपली अक्षरं, मग मशीनवरची इंग्रजी. पण अक्षर म्हणजे कुणीतरी आधीच बोलून ठेवलेलं, आपण मागाहून वाचायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

ती एकेक अक्षर सांगत गेली. त्यांचं जाडजूड बोट एका वेळी दोन दोन अक्षरांवर पडायचं. पुसायचं, परत लिहायचं. ओळ एकदाची पुरी झाली.

"काहीतरी विचारतंय."

"परवलीचा शब्द. तो इथं मोठ्यानं नको." तिनं चाचपडत त्यांचा हात धरला, उघडला आणि पूर्वीसारखी तळहातावर बोटानं अक्षरं काढली. सासरेबुवा त्या तळव्यावरून काचेवर अक्षरं नेऊ लागले. पण काचेवर काहीच उमटेना. अक्षर लागलं नसेल म्हणून त्यांनी प्रत्येक अक्षर दोनदा, अगदी अंगठ्यानं रेटून दाबलं.

"परत तेच विचारतंय. रागावलेलं दिसतंय."

"दोनदा दाबलंत ना?"

"उमटतच नव्हतं, मग काय करू?"

"ते उमटत नसतंच, बाबा. शेजारच्याला दिसू नये म्हणून ते मनात ठेवतं. एकदाच दाबा आणि विश्वास ठेवा. फार वेळा चुकलं तर ते दार लावून घेईल, मग आपण बसू बोंबलत."

बटणांच्या फोनमधून काकूंचा आवाज आला, "भाऊ, काच गरम लागतेय हो!"

न दिसणारं अक्षर लिहायचं, आणि ते लिहिलं गेलं असं मानून पुढचं लिहायचं. जन्मात असं लिहिलं नव्हतं. त्यांनी एकदाच दाबलं, एकदाच, एकदाच. शेवटचं बटण दाबलं आणि पाटीवर पांढऱ्या ओळी भराभर उतरल्या.

"घेतलं गं आत!"

"मग आता लक्ष देऊन लिहा. पंखा, शेगडी, पडदा हे सगळं सांभाळणारा तिथला कारभारी झोपलाय, त्याला उठवायचंय."

डोळे मिटून, भिंतीला टेकून ती हळू आवाजात अक्षरं सांगत होती आणि त्यांना वाटलं, ही जपच करतेय. त्यांनी ओळ लिहिली, पुन्हा वाचून दाखवली. ती म्हणाली, "सोडा." त्यांनी सोडली.

काही नाही. ठिपका खालच्या ओळीवर जाऊन मिचमिचत बसला.

"काय म्हणतंय?"

"गप्प आहे. परत दाबू का?"

"नको! चुकलं असतं तर ओरडलं असतं. गप्प बसलं म्हणजे ऐकलं."

"घरात असं चाललं असतं तर बरं झालं असतं," सासरेबुवा पुटपुटले. "तुझी सासू ऐकते तेव्हाही बोलते, नाही ऐकत तेव्हाही बोलते."

सुनेच्या मिटल्या डोळ्यांखाली हसू आलं, पण तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. सासरेबुवांचं बोट काचेच्या वरच थांबलं. दाबायची इच्छा आवरणं किती अवघड असतं ते त्यांना त्या घडीला कळलं.

"पंखा!" बटणांचा फोन किंचाळला. "फिरला, फिरला! हात नाही लावला मी, देवाशपथ!"

काकूंनी फोन मशीनला लावला असावा, कारण पाठोपाठ घरघर ऐकू आली. आत किती उष्णता आहे ते विचारायला सुनेनं आणखी एक लहान ओळ सांगितली. यावेळी पाटी बोलली, एकच आकडा बोलली. जरा थांबून तीच ओळ परत पाठवली. आकडा उतरला होता. पुन्हा विचारलं, आणखी उतरला होता.

"डोळे मिटायला सांगितलं होतं ना?" सिस्टर मागे येऊन उभी राहिली.

"मिटलेलेच आहेत," सून म्हणाली आणि सिस्टरचा हात धरून आत गेली.

सासरेबुवा एका हातात काळी पाटी आणि कानाला बटणांचा फोन लावून बसून राहिले. पंख्याच्या घरघरीतून बारीक चिवचिव येऊ लागली होती. त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला आणि आपला तळहात उजेडाकडे धरून न्याहाळला. तिथं काहीच नव्हतं. काचेवरही काही उमटलं नव्हतं. तरी त्याच अक्षरांनी इतक्या लांबचं दार उघडलं होतं.

त्यांनी मूठ अलगद मिटून घेतली. मांडीवरचा ठिपका अजून कान देऊन बसला होता.