निळीचं विरजण

काकूंनी झाकण उचललं आणि आधी वास घेतला. निळीचा जिवंत रांजण ओल्या चामड्यासारखा, थोडा गोठ्यासारखा वास मारतो. नवखा माणूस नाकाला पदर लावतो. आज मात्र ओल्या भिंतीचा वास येत होता. वर तांब्याच्या रंगाची साय नव्हती. त्यांनी एक चिंधी बुडवली, जरा थांबून वर काढली. ती पिवळट हिरवी यायला हवी होती आणि वारा लागताच हळूहळू निळी व्हायला हवी होती. ती करडी आली आणि करडीच राहिली.

"पाणी कुठलं घातलंस गं?"

सून चुलीपाशी रांजणासाठी कोंडा शिजवत होती. "नळाचं. विहिरीत गाळच येतोय घागरीला. तुम्ही तापात पडून होतात, आई, आणि रांजण हातभर उतरला होता. म्हटलं, सुकायला नको."

पलीकडच्या शेतात सोसायटीच्या तळघरांचे खड्डे खणले गेले तेव्हापासून तिथले पंप सतत पाणी उपसत होते आणि काकूंची विहीर खाली खाली जात होती. त्या बदल्यात अंगणात नळ मिळाला होता. त्या पाण्यात जंतू मारायचं औषध असे. निळीचा रांजण म्हणजे जंतूंचाच संसार. कोंडा खाऊन ते निळीला विरघळवतात, तेव्हा कुठे ती सुतात शिरते. काकू याला रांजणाचं पोट म्हणायच्या. ते पोट आता बंद पडलं होतं.

"मीच मारला का हो?" सुनेला रडू फुटलं.

"तू कशाला मारशील? गल्लीतल्या इतरांचे रांजण उपाशी मेले, आपला पाणी पिऊन मेला. आणि रडू नकोस, कोंडा खारट होईल."

सून रडता रडता हसली. काकूंनी चुन्याची निवळी घातली, कोंडा घातला, रांजणाला गोधडी गुंडाळली. त्या खरं तर फारशा घाबरल्या नव्हत्या. रस्त्यापलीकडे, सोसायटीतल्या घरात, धाकट्या दिराचा रांजण होता आणि त्यात याच घरचं विरजण होतं.

रंगाऱ्यांच्या गल्लीत एक रीत होती. रांजण मेला की रिकामी कळशी घेऊन दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. तोंड उघडायची गरज नसे. भांडण असो, अबोला असो, कळशी दिसली की समोरच्याने आपला रांजण उघडायचा. दह्याला विरजण लागतं तसं नव्या निळीला जुनी नीळ लागते. आता गल्लीच्या जागी सोसायटीच्या मोटारी उभ्या राहत. दिराने आपल्या वाट्याचं शेत विकलं तेव्हापासून काकू त्याच्याशी बोलत नव्हत्या.

गोधडीचा काही उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी कळशी उचलली.

सोसायटीच्या फाटकावर गल्लीतला, पूर्वी टोपल्या वळणारा बुरूड बसे. आता त्याच्या अंगावर पहारेकऱ्याचा गणवेश होता, खांद्यांत सैल आणि पोटावर घट्ट.

"काय काकू, आमच्याकडे पाण्याला?" त्याने मुद्दाम करडा आवाज काढला. "ओळखपत्र दाखवा."

काकूंनी दोन्ही निळे हात त्याच्यासमोर धरले. तो हसला. मग त्याची नजर कळशीत गेली. कळशी कोरडी होती. त्याने फाटक उघडलं आणि हलकेच विचारलं, "धाकट्यांकडे निघालात?"

"दुसरं कोण उरलंय?"

त्याने नजर वळवली आणि टोपी सरळ केली. 

आतले रस्ते सारखे होते. घरं सारखी, कुंड्या सारख्या. पूर्वी ओल्या कापडाच्या पट्ट्या वाळत पडत ती उतरण काकूंना सापडेना. जमीन सपाट केली होती.

दीर मागच्या पडवीत पाटावर बसून कापडाला गाठी मारत होता. वहिनीला पाहून तो धडपडत उठला. कळशी दिसताच त्याचा चेहरा पडला. काकू रीतीप्रमाणे गप्प उभ्या राहिल्या. तो रांजणाकडे गेला नाही.

"उघडा ना, भाऊजी."

"वहिनी, आधी बसा तरी."

काकूंनी स्वतःच झाकण काढलं. रांजणात जुनी सुतळी होती, एक मोडकी छत्री होती आणि तळाशी धूळ. शेजारी स्टोव्हवर पत्र्याच्या डब्यात निळं पाणी उकळत होतं. बाजूला बाजारच्या रंगाच्या पुडीतली पूड सांडली होती.

"कधी गेला?"

"शेत विकलं त्याच्या पुढच्या थंडीत. मी आलो होतो कळशी घेऊन. तुमच्या कोपऱ्यापर्यंत आलो. मग वाटलं, कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"कळशीला तोंड असतं, भाऊजी. तुमचं कोण बघणार होतं?"

त्याने खाली पाहिलं. "आणि वाटलं, घाई काय आहे. तुमचा आहेच की."

काकू पाटावर बसल्या. तापात पडल्या पडल्या रांजणाची आठवण झाली की त्यांनीही हेच म्हटलं होतं: असू दे, भाऊजींचा आहेच की. म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली नव्हती. म्हणून पाणी कुठलं ते विचारलं नव्हतं.

"हे तरी न्या," दीर म्हणाला. "गिऱ्हाइकाला काही कळत नाही."

रिकाम्या कळशीने परत पाठवायचं नाही, ही रीत त्याला अजून आठवत होती. काकूंनी कळशी पुढे केली. त्याने डब्यातलं निळं पाणी ओतलं. 

घरी सून दारातच उभी होती. रांजणाखालची राख तिने काढून ठेवली होती, नवा कोंडा तयार होता. "मिळालं?"

"मिळालं."

कळशी रांजणात रिकामी झाली. सुनेने घाईघाईने चिंधी बुडवली आणि वर काढली. चिंधी निळी होती. हिरवी झालीच नाही.

"लगेच निळी कशी आली हो, आई?"

"ऊन आहे ना."

सुनेने वर पाहिलं. आभाळ गच्च भरलं होतं.  तिने चिंधी पिळली, दोरीवर टाकली, कोंड्याचं पातेलं उचललं आणि नेहमीसारखं रांजणात हळूहळू ओतलं.

काकू नळाखाली हात धुवायला बसल्या. आजचा रंग एका धुण्यात निघून गेला. जुनी नीळ नखांत तशीच होती, पण तापाच्या दिवसांत नखं वाढली होती आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक बारीक पांढरी कड आली होती.