झेललेला दोर

"ज्या दोराने माणूस झेलला, तो दोर त्याच दिवशी काप. त्याच्यावर माया करू नकोस."

आमचे बाबा असं सांगायचे. कड्यावर अडकलेल्यांना सोडवणारं पथक त्यांनीच उभं केलं. मोठा हिसका बसलेला दोर वरून शाबूत दिसला, तरी आतून कुठे तुटलाय ते कळत नाही. म्हणून घरी आल्यावर बूट काढायच्या आधी ते दोराचे तुकडे करायचे. पथकातल्या प्रत्येकाच्या घरी कपडे वाळत घालायला असलाच दोर असतो. ज्याला धरून कुणीतरी देवाचा धावा केला, त्याच्यावर आमचे टॉवेल वाळतात.

जाताना बाबांनी दोर कापायचं वचन घेतलं ते माझ्याकडून, दादाकडून नाही. म्हणाले, त्याला कौतुक आवडतं, त्याच्याच्याने व्हायचं नाही.

आणि मग सिमेंटचे एक व्यापारी कड्यावरून घसरले.

घसरले म्हणजे काय, 'पुढे जाऊ नये' या पाटीला पाठ टेकून फोटो काढला, पाटी फोटोत येते म्हणून तिच्याही पुढे गेले, आणि थेट खालच्या कपारीत जाऊन बसले. दादा दोराने उतरला, त्यांना पाठीशी बांधलं आणि वर निघाला. अर्ध्यात साहेबांना आठवलं की मोबाईल कपारीतच राहिला. ते मागे वळले. दादाचा पाय सुटला, दोघं खाली गेले आणि दोराने त्यांना हवेतच झेललं. साहेबांना ओरखडाही नाही. दादाचा खांदा मात्र जागचा हलला.

मी दादाबरोबर दवाखान्यात होते, तेवढ्यात पथकाच्या अध्यक्षांनी दोर कार्यालयात नेऊन भिंतीवर टांगला. अध्यक्षांना स्टुलावर चढलं तरी गरगरतं, पण शौर्यावर ते फार सुंदर बोलतात. पुढे सत्कार झाला. धैर्याबद्दल सत्कार व्यापाऱ्यांचा. ते मृत्यूला कसं हसत सामोरं गेले ते त्यांनी सविस्तर सांगितलं. दादाने ऐकलं होतं ते हसणं, कानाशीच, 'आई गं, आई गं' असं. दादाचा एक हात गळ्यात होता, म्हणून त्याला दुसऱ्या हाताने खुर्च्या लावायला सांगितल्या. दोराखाली पितळी पाटी बसली. साहेबांचं नाव मोठं, दादाचं बारीक. दादा ती येता-जाता रुमालाने पुसतो.

मी अध्यक्षांना दोर मागितला. त्यांनी मला बसवलं, चहा दिला.

"ताई, तुमचे नेम तुम्ही पाळा," ते प्रेमाने म्हणाले, "दोर आम्ही सांभाळतो."

भिंतीवर लोंबकळणाऱ्या दोराने कुणाचं काय बिघडतं, असं मीही मनाला समजावलं. पण खांदा बरा झाला तसे व्यापारीसाहेब नवीन मागणी घेऊन आले. दुकानाच्या जाहिरातीसाठी त्या प्रसंगाचं चित्रण करायचं. तोच कडा, तोच दोर, तोच दादा. सिमेंटची पकड आणि दादाची पकड, अशी काहीतरी त्यांची कल्पना होती. साहेबांच्या जागी मात्र पुतळा, कारण साहेबांच्या जिवाला धोका नको. जोडीला दुसरा दोर बांधू म्हटलं, तर तो चित्रात बरा दिसत नाही म्हणाले. अध्यक्षांनी तिथल्या तिथे शब्द दिला. उतरायचं स्वतःला नसलं की शब्द भराभर देता येतो. चित्रण उद्या सकाळी.

दुपारी दादा जेवायला बसला तेव्हा मी विषय काढला.

"एक धागा निघालेला नाही, पाहिलास ना," तो म्हणाला. "बाहेरून अगदी धडधाकट आहे."

"बाहेरून अध्यक्षही धडधाकट आहेत."

तो हसला, पण घास हातातच राहिला. मग म्हणाला की आता नाही कसं म्हणायचं. कड्याला घाबरला म्हणतील. साहेब नवीन दोर द्यायचं म्हणतायत, पथकाचं नुकसान होईल. मी ऐकून घेतलं. पाताळात उतरणारा आमचा दादा, चार माणसांत 'नाही' म्हणायला त्याचे पाय लटपटतात. वाढता वाढता मी इतकंच विचारलं की बाबा असते तर काय केलं असतं. त्याने उजव्या हाताने डावा खांदा चाचपला.

कार्यालयात बाबांचा फोटो आहे. त्याच्यापुढे रोज संध्याकाळी दिवा लावायचा माझा नेम आहे, म्हणून एक किल्ली माझ्याकडे असते. माझे नेम मी पाळावेत असं खुद्द अध्यक्षांनीच सांगितलंय, त्यामुळे परवानगीचाही प्रश्न नव्हता.

ऊन कलल्यावर मी पिशवीत तेलाची बाटली घेतली, वात घेतली, काडेपेटी घेतली. मग माळ्यावरून बाबांची कात्री काढली. तीही पिशवीत गेली. दादा दारातच बसून बुटांना तेल लावत होता. पिशवीचा ताण त्याच्या नजरेतून सुटला नाही.

"आज पिशवी जड दिसते."

"आज जरा वेळ लागेल," मी म्हणाले.

खोटं बोलायचं नाही हाही माझा नेमच आहे.

तो दुसऱ्या बुटाला तेल लावू लागला. मग मान वर न करता म्हणाला, "मागच्या दारची कपड्यांची दोरी विटलीय. बदलायला हवी."

मी चपला घातल्या आणि निघाले.