चौदाव्या मजल्याचा गिलावा

रविवारी सकाळी सहा ते दुपारी बारा. क्रेन उभी करायला रस्ता तेवढाच वेळ बंद मिळणार होता. त्या सहा तासांत आमचा पूल चढला तर चढला, नाहीतर मालक मंडळी पूर्वेचा टॉवर पाडायला मोकळी.

पिंपरीतल्या या दोन वीस मजली इमारतींना रिक्षावाले नुसतं ‘जुळे’ म्हणतात. जुन्या झाल्या, निदान पूर्वेची तरी पाडा, असं ठरत आलं होतं. इमारती तपासणारी इंजिनिअर मी. भर बैठकीत तावातावानं उठले आणि म्हटलं, सांगाडा धट्टाकट्टा आहे, पाडता कशाला? अडचण एकच होती. पूर्वेच्या टॉवरला आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. चौदाव्या मजल्यावर लोखंडी पूल टाकून तो पश्चिमेच्या टॉवरला जोडायचा, हा माझा आराखडा. मंडळींनी एक संधी दिली आणि मला तीन महिने धड झोप लागली नाही, आनंदानं!

पूल बनवत होता निरंजन. महाळुंग्यात त्याचा कारखाना आहे, गाड्यांच्या कंपन्यांना साचे पुरवतो. इमारतीचं काम त्याला नवीन. “मॅडम, आमच्याकडं एक मिलिमीटर म्हणजे फार झालं. तुम्ही आकडा द्या, पूल तेवढाच येणार.” मी लेझरनं मोजलेला आकडा रुबाबात दिला.

बुधवारी संध्याकाळी काळेवाडीच्या घरी फरशीवर नकाशा पसरून बसले होते. शेजारी आई मेथी निवडत होती. माझी आई गोजाबाई. परभणीकडून आली ती याच जुळ्यांच्या कामावर घमेली वाहायला. मी तेव्हा खाली झोळीत असायचे.

“पूल कंच्या मजल्याला?” तिनं विचारलं.

“चौदाव्या.”

“मंग पूर्वेकडं बघून घे. तिथं गिलावा लई खाल्ला. भिंतच आत गेलती. सायेब म्हनला, भरा अन् झाका. तीन दिस घमेली वाहून मान मोडली माझी.”

मी चिडलेच. “आई, मी लेझरनं मोजलंय!”

“मोजलं असशील. वरून मोजलंस.”

जेवण काही गोड लागलं नाही. पश्चिमेचा गिलावा आम्ही फोडून पाहिला होता, दोन बोटं जाडीचा. पूर्वेचा कुणी फोडलाच नव्हता. जुळे म्हणून एकाचं माप मी दुसऱ्यालाही लावून टाकलं होतं.

गुरुवारी उजाडताच चौदाव्या मजल्यावर परांचीवर उभी राहून मी स्वतः छिन्नी हाणली. दोन बोटं झाली, तीन झाली, चार झाली, तरी गिलावाच! सहाव्या बोटाला काँक्रीट लागलं. पुलाचे पाय काँक्रीटवर टेकायचे होते. माझ्या आकड्याचा पूल चार बोटं तोकडा पडला असता.

निरंजनला फोन लावला. पुलाची पूर्वेकडची टोकं तेवढी मापावर कापून जोडायची राहिली होती. “कापू नका!”

“मशीनवर चढवलंय मॅडम.”

“उतरवा! सत्तर मिलिमीटर लांब हवा.”

“सत्तर?” तो ओरडला. “अहो, आमच्याकडं एकावर मीटिंग बसते!”

पण तीन शिफ्ट लावून त्यानं पूल वेळेत आणला. रविवारी आईनं नारळ फोडला आणि क्रेननं तो अजस्र सांगाडा उचलला. रस्त्यावर ही गर्दी! कुणी गच्चीवर, कुणी टेम्पोच्या टपावर, सगळ्यांचे मोबाइल वर. अकरा वाजता पूल दोन्ही टॉवरांच्या मध्ये आला. मी पूर्वेच्या चौदाव्या मजल्यावर निरंजनशेजारी उभी. पश्चिमेचे पाय बसले. पूर्वेचे हळूहळू खाली आले आणि टेकले, बरोबर काँक्रीटला. पहिला बोल्ट निरंजननं नुसत्या हातानं आत सरकवला.

“बसला!” तो ओरडला. खाली शिट्ट्यांचा पाऊस पडला. मी तिथंच भोकाड पसरलं.

बोल्ट आवळून झाल्यावर आईला वर आणलं, लिफ्टनं. या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती आयुष्यात पहिल्यांदा चढली. वर येताच ती उघड्या भिंतीशी गेली आणि आत गेलेल्या जागी तळवा फिरवला.

“तीन दिस म्या वर नेलं, अन् तू घटकेत खाली टाकलंस.”

“रागावलीस?”

“आता हितं काय लावनार?”

“काही नाही. भिंत अशीच ठेवणार.”

“वाकडी दिसंल की!”

“दिसू दे, आई. ती उघडी पडली म्हणूनच पूल बसलाय.”

तिनं पदर खोचला आणि पुलाच्या तोंडाशी टाच दोनदा जोरात आपटली. घमेलं घेऊन परांचीवर जाण्याआधी बायका फळी अशीच तपासायच्या.

“हलत न्हाई,” ती म्हणाली. डोक्यावर आज काही नव्हतं, तरी मान ताठ धरून ती पलीकडं चालत गेली.