मागची रांग

"मिस्त्री, माझा पाय पुढे घ्या ना. शिडी चढल्याशिवाय घर रंगत नाही, अन् घर रंगल्याशिवाय माझी चूल पेटत नाही."

रंगारी कुबड्या भिंतीला टेकवून कृत्रिम पायांच्या कारखान्याच्या दारातच उभा होता. मिस्त्री फळीकडे बघत होते.

फळीवर प्लास्टरचे पांढरे ठोकळे मांडलेले होते. पाय गेल्यावर मागे जेवढा उरतो तेवढ्याचा तो हुबेहूब साचा. त्यावर तापलेलं प्लास्टिक ओढायचं, खाली पाऊल जोडायचं, की माणूस चालू लागला. पुढच्या रांगेतले पाय या आठवड्यात व्हायचे, मागच्या रांगेतले सवडीने. दोन भट्ट्यांपैकी एक कधीची बंद होती. नवी येणार येणार म्हणून सगळ्यांनी वाट पाहिली, मग वाट पाहणंही सोडलं. पुढे कोणाला घ्यायचं हे डॉक्टरांनी मिस्त्रींच्या गळ्यात घातलं होतं. "तुम्ही जुने आहात," एवढं बोलून ते सुटले.

मिस्त्रींचा हिशेब साधा होता. आधी वाढत्या अंगाची मुलं, मग ज्याच्या कष्टावर घर चालतं तो, मग बाकीचे. आणि आपलं माणूस सगळ्यांच्या शेवटी, नाहीतर लोक बोलायला टपलेलेच.

त्यांनी पुढच्या रांगेतला एक ठोकळा उचलून मागे ठेवला आणि रंगाऱ्याचा पुढे घेतला.

भट्टीवरचा माणूस हसला. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला हवालदार म्हणत. "परत अक्काच मागे? मिस्त्री, बाकीचे ठोकळे या फळीवर भाडेकरू आहेत. अक्काचा आता मालक झालाय."

"तू भट्टी बघ," मिस्त्री म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. साखरेच्या आजाराने तिचा गुडघ्याखालचा पाय गेला, तेव्हापासून ती त्यांच्याकडेच होती. कुबड्या तिच्या हातांना झेपत नसत.

संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. मिस्त्री चपला काढतात न काढतात तोच तिने विचारलं, "आज कोण आडवं आलं?"

"रंगारी."

"मग बरोबर आहे. मला काय शिडीवर चढायचंय?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला आपलं तिच्याकडे जायचंय फक्त. वरच्या मजल्यापर्यंत."

गल्लीच्या टोकाला तिची बालमैत्रीण राहत होती, अंथरुणाला खिळलेली. कानांनी अधू, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नाही.

"मी अन् हवालदार नेतो की उचलून."

"नको. उचलून नेलेलं मला एकदाच चालेल, शेवटचं."

मिस्त्री भिंतीला पाठ लावून बसून राहिले. दिवसभर लोकांना उभं करायचं आणि घरी येऊन असं बसायचं. लष्कराच्या भाकऱ्या भाजता भाजता घरची चूल विझते म्हणतात, ते काही खोटं नाही.

पुढे कितीतरी आठवडे असेच गेले. मग पुढच्या रांगेतला एक जण गाव सोडून गेला आणि जागा झाली. मिस्त्रींनी अक्काचा पाय स्वतः केला. कडा बोट फिरवून फिरवून गुळगुळीत केल्या.

अक्का घराच्या पायऱ्या बसत बसत उतरली आणि चाकाच्या खुर्चीतून कारखान्यात आली. येताना तिने डाव्या पायातली कोरी चप्पल पिशवीतून आणली होती. जोड घेतला तेव्हापासून तिने ती जपून ठेवली होती. मिस्त्रींनी ती नव्या पावलात चढवली. अक्का चालायच्या सरावाच्या दोन्ही दांड्या धरून उभी राहिली आणि वाटीत खडा हलावा तसा तिचा पाय आत हलला.

हवालदार भट्टी सोडून जवळ आला.

सूज उतरली की उरलेला पाय बारीक होतो. साचा जुना झाला की माप नव्याने घ्यायचं, हे मिस्त्री येणाऱ्या जाणाऱ्याला बजावत. पण अक्का रोज डोळ्यांसमोर होती. रोज दिसणारं माणूस वाळलेलं दिसत नाही.

"अक्का, चुकलं माझं."

"वाळले मी, अन् चुकलास तू? घे परत माप."

त्यांनी तिच्या पायाला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. पट्ट्या वाळल्यावर त्यांचं कवच अलगद काढून त्यात प्लास्टर ओतलं, ते घट्ट झालं आणि नवा ठोकळा निघाला. तो हातात घेऊन ते फळीसमोर उभे राहिले. पुढची रांग भरलेली होती. अगदी कडेला एक एवढासा ठोकळा होता.

"ते कोणाचं?" अक्काने विचारलं.

"शाळेतल्या पोरीचं."

"तिला हलवू नकोस."

मिस्त्रींनी पोरीला हलवलं नाही. दुकानदाराचा ठोकळा उचलून मागे ठेवला. त्याला गल्ल्यावर बसून काम करता येत होतं. मोकळ्या जागी अक्काचा ठेवला.

"लोक बोलतील," ते पुटपुटले.

"बोलू देत," हवालदार म्हणाला. "माझा आवाज मोठा आहे."

घरी जाताना तो सैल पाय अक्काच्या मांडीवर होता. कारखान्यात ठेवायला ती तयार झाली नाही. गल्लीच्या टोकाशी आल्यावर तिने वर खिडकीकडे पाहिलं. मिस्त्रींनी खुर्ची थांबवली.

"हाक मारू का?"

"तिला कुठे ऐकू येतंय? चल." मग ती म्हणाली, "येईन मी चालत."

खुर्ची पुढे निघाली. मांडीवरच्या चपलेवर प्लास्टरचा पांढरा ठिपका उडाला होता. अक्का तो नखाने हळूहळू खरवडत राहिली.