आधी वजा, मग तपास

एकोणीसशे नव्व्याण्णवची बुद्धपौर्णिमा शुक्रवारी आली. प्रियदर्शनी एका दिवसाची रजा काढून पुण्याहून लासुर्ण्याला आली होती. सकाळची वंदना झाली, विहारापुढं खिरीच्या पंगती बसल्या. लेक जूनमध्ये कंपनीतर्फे जर्मनीला जाणार, हे तिच्या आईनं, चतुराबाईनं पंगतीत सगळ्यांना सांगून झालं होतं. प्रियदर्शनी वाढत होती. तिचे वडील भानुदास कारखान्याच्या बॉयलरवरून निवृत्त झालेले, युनियनचे जुने माणूस. ते शेजारच्या रामहरीला उद्याच्या झेंड्याचं सांगत होते.

"एक मे हाय. जगात कुठंबी बघ, जर्मनीत बघ, उद्या कामगार कामावर न्हाय."

प्रियदर्शनीच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

पुण्यात ती मेनफ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या संगणकावरच्या, जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायचं काम करत होती. तिच्याकडचा प्रोग्रॅम एका जर्मन औषध कंपनीचा होता. प्रत्येक डेपोच्या ऑर्डरी किती ते वाचायचं आणि तेवढ्या चिठ्ठ्या छापायच्या. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी तो असेंब्लर या यंत्राच्या जवळच्या भाषेत लिहिला होता. आकडा शून्य असेल तर डेपो सोडून द्यायचा. नसेल तर छापायचं, एक वजा करायचं, पुन्हा फिरायचं. तिला ते लांबड वाटलं. यंत्राला एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगता येते, आणि त्यातली नेमकी आज्ञा निवडण्यात तिला मोठी गोडी. तिनं जुन्या ओळी काढून तिथं बीसीटी ही एकच आज्ञा घातली. ती एक वजा करते आणि शून्य उरलं नसेल तर मागं फिरवते. पण ती आधी वजा करते, मग बघते. मुळातच शून्य असेल तर उणे एक होणार, आणि चारशे कोटींहून जास्त फेऱ्या होईपर्यंत रिकाम्या चिठ्ठ्या छापल्या जाणार.

प्रोग्रॅम सोमवारीच तिकडं चालू झाला होता. आजवर एकाही डेपोची ऑर्डर शून्य नव्हती. उद्या कामगार दिनाला तिकडचे डेपो बंद, म्हणजे शून्यच असणार होती. पुण्याचं ऑफिस उद्या महाराष्ट्र दिनाला बंद, परवा रविवार. म्हणजे काय ते आजच, साडेपाचला ऑफिस सुटायच्या आत.

गावातल्या फोनबूथची लाइन दोन दिवस बंद होती. तिनं वडिलांना एवढंच सांगितलं, की आत्ता बारामतीला जायचंय. त्यांनी टोपी घातली. रस्त्यावर जीप उभी होती, पण भरल्याशिवाय हलेना. सणसरला दोन बाया पाट्या उतरवत राहिल्या, तेव्हा प्रियदर्शनीनं खाली उतरून स्वतःच त्या उतरवून दिल्या.

बारामतीच्या स्टँडजवळच्या बूथवर पोचेपर्यंत सव्वाचार झाले. ऑफिसात फोन तिच्या वरिष्ठांनी, विजयसिंह सरांनी उचलला. तिनं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. वर्षं सोडून दुसरं काही बदलायला कुणी सांगितलं होतं, एवढंच विचारलं.

"कुणी नाही, सर. मला ते जास्त चांगलं वाटलं."

"दुरुस्ती सांग."

"लूपच्या आधी दोन ओळी. एलटीआर, पाच, पाच. मग बीझेड, पुढच्या डेपोवर."

म्हणजे आधी आकडा शून्य आहे का बघायचं, असेल तर उडी मारायची. त्यांनी ते पुन्हा वदवून घेतलं, बूथचा नंबर टिपला आणि शून्य घालून चालवून बघतो म्हणाले.

तिला बसवेना. आकडा यंत्राच्या पाचव्या कप्प्यात, रजिस्टरमध्येच होता ना? की सहाव्यात? तिनं तिकिटाच्या मागं आठवेल तसा प्रोग्रॅम लिहून काढला, खोडला, पुन्हा लिहिला. भानुदासांनी काय झालं ते विचारलं. तिनं सोपं करून सांगितलं.

"आमच्यात बॉयलरला पाण्याची काच आधी बघायची, मग जाळ," ते म्हणाले. "एवढं शिकून हे कसं चुकतंय?"



पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तिनं बदललेला प्रोग्रॅम शून्यावर खरोखरच थांबेना, मध्येच तोडावा लागला. दुरुस्त केलेला नीट सुटला, तो तिकडं पाठवलाही. मग सर म्हणाले, की हे सोमवारी लिहून द्यावं लागेल, आणि जूनच्या यादीत आता तिचं नाव ठेवता येणार नाही. ती हो म्हणाली.

"जमलं?" भानुदासांनी विचारलं.

"जमलं. जर्मनी गेली, आबा."

 रसाच्या गाड्यापाशी नेऊन भानुदासांनी दोन ग्लास सांगितले. तिनं ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. परत आलेल्या मालाचा आणखी एक प्रोग्रॅम मार्चमध्ये तिच्या हातून गेला होता. तोही तिनं असाच आखूड केला होता. त्याचं कुणाला माहीत नव्हतं. पाच वीस झाले होते.

ती बूथकडं जवळजवळ पळतच गेली. पलीकडं घंटा वाजत राहिली, सहा वेळा, सात वेळा.

"सर, अजून एक आहे," ती म्हणाली.

"थांब," विजयसिंह सर म्हणाले. "कागद घेतो."